सत्तेचाळिसाव्या वर्षी भेटलेले खाँसाहेब

मी हिशेबखात्यात नोकरी करतो, त्यामुळे गायक-नट पं. वसंतराव देशपांडे यांच्या चरित्रातील एक गोष्ट मला त्यांच्या तानांइतकीच विस्मयकारक वाटते: हा माणूस वर्षानुवर्षे पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात कारकुनी करत होता. दिवसभर आकड्यांचे रकाने आणि संध्याकाळी गाणे, असा त्यांचा संसार होता.

त्यांचा जन्म 2 मे 1920 रोजी अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरचा. 1935 साली पडद्यावर आलेल्या भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’ या बोलपटात ते बालकृष्ण झाले होते, म्हणजे नट म्हणून आरंभ लवकरच झाला. पण त्यातून नटाचा पेशा काही उभा राहिला नाही. गाण्याची वाटही सरळ नव्हती. नागपुरात शंकरराव सप्रे, लाहोरमध्ये ज्यांच्याकडून मारवा राग घेतला ते असद अली खाँ, पुढे किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने, भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ, आणि या सर्वांवर मनात ठाण मांडून बसलेली मास्टर दीनानाथांची आक्रमक गायकी, अशा ठिकठिकाणच्या शिदोरीवर त्यांचा गळा घडला. एका घराण्याचा शिक्का नसलेल्या अशा गायकाकडे जाणकार थोडे संशयाने पाहतात, आणि तसे त्यांच्याकडेही पाहिले गेले असावे, असे मला वाटते.

मग 1967 साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातील खाँसाहेब आफताब हुसेन त्यांच्या वाट्याला आले. प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’ने ते नाटक रंगभूमीवर आणले आणि जितेंद्र अभिषेकींनी संगीत दिले. खाँसाहेब हा विद्या असूनही दरबारात वर्षानुवर्षे डावलला गेलेला, मान मिळाल्यावर आपली गायकी कुलूपबंद ठेवणारा माणूस. त्याचा अहंकार आणि त्याखालची जखम एकाच आवाजातून ऐकू यायला हवी होती. नुसत्या गोड गळ्याच्या गायकनटाला ते पेलले नसते.

याचा पुरावा त्या नाटकातच आहे. ‘घेई छंद मकरंद’ हे पद दोनदा येते. खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी पंडित भानुशंकर झालेले भार्गवराम आचरेकर ते सालगवराळी रागात, संथपणे, शब्दाशब्दाला जागा देत गातात. तेच शब्द खाँसाहेबांच्या तोंडी धानी रागात येतात, लय चढलेली असते आणि ताना एकमेकींच्या अंगावर धावून येतात. भ्रमर तोच, मकरंद तोच; पण पहिला शांतपणे रस घेतो आणि दुसऱ्याला जणू आपला हक्क वसूल करायचा असतो. दोन घराण्यांतील फरक समजावणारे कितीतरी लेख मी वाचले आहेत, पण ही दोन पदे लागोपाठ ऐकली तेव्हा जे कळले ते त्या लेखांतून कळले नव्हते.

पुढे भावगीते, चित्रपटगीते, नाट्यसंगीताचा प्रवास उलगडून दाखवणारे सप्रयोग कार्यक्रम असे बरेच काही त्यांनी केले. 1983 साली, 30 जुलैला, ते गेले. ‘बगळ्यांची माळ’ गाणारे वसंतराव आणि खाँसाहेब हे एकच, हे मला लहानपणी कितीतरी दिवस पटत नव्हते.

आमच्या घरी मात्र या पदावरून अजून वाद आहे. पंडितजींचे पद संपले की आई यंत्र बंद करते, कारण खाँसाहेबांचे गाणे तिला उद्धट वाटते. खुद्द वसंतरावांना ही तक्रार ऐकून बरेच वाटले असते, असे मी तिला दर वेळी सांगतो आणि यंत्र पुन्हा सुरू करतो.