कुठंही उभार

फिनिक्सच्या उन्हाळ्यात दुपारी कोणी घराबाहेर पडत नाही. पडदे ओढलेले, एसीची घरघर, आणि हॉलच्या फरशीवर आमच्या चिरंजीवांनी मांडलेली फुटबॉलची कार्डं. फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेटवाला. बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकांचा ढीग, तो झेलणाऱ्या रिसीव्हरांचा ढीग, त्यांना अडवणाऱ्या कॉर्नरबॅकांचा ढीग, असं वाटप शिस्तीत चाललं होतं. एक कार्ड मात्र त्याच्या हातातच राहिलं.

"बाबा, सिमन्सला कुठं टाकू?"

"लाइनबॅकर लिहिलंय की त्यावर."

"लिहिलंय हो. पण तो खेळतो कुठं तिथे नुसता?"

लाइनबॅकर म्हणजे बचावाच्या मधल्या फळीतला गडी. पण यावर मी काय बोलणार? आयझायाह सिमन्सबद्दल हा प्रश्न मोठमोठ्यांना पडून गेलाय. क्लेमसन विद्यापीठात बचावाचे प्रशिक्षक ब्रेंट व्हेनेबल्स त्याला वाटेल तिथं उभा करायचे. कधी पुढं क्वार्टरबॅकवर धावून जायला, कधी मध्ये, कधी पार मागं राखणीला. अशा गड्याला इथं हायब्रिड म्हणतात. 2019 मध्ये देशातल्या सर्वोत्तम कॉलेज लाइनबॅकरचं बटकस पारितोषिक त्यालाच मिळालं. सहा फूट चार इंच उंची, आणि 2020 च्या निवड चाचणीत चाळीस यार्ड 4.39 सेकंदांत. तिथं पत्रकारांनी विचारलं, तू नक्की कुठल्या जागेवर खेळतोस? तो म्हणाला, बचावात. बस, एवढंच. आमच्या ॲरिझोना कार्डिनल्सनी नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला आठव्या क्रमांकावर उचलला.

आम्हालाही लहानपणी कुठंही उभं करायचे. सांगलीत वाड्यामागच्या बोळात रबरी चेंडूनं क्रिकेट चालायचं. एक टप्पा झेल घेतला तरी आउट, जोशीकाकूंच्या वृंदावनाला चेंडू लागला तर आउट आणि वर शिव्या. बोलिंग कोणाची, विकेटमागं कोण, सगळं पक्यादादा ठरवायचा. सगळ्यांच्या जागा वाटून झाल्या की मी विचारायचो, "दादा, मी?" तो माझ्याकडे न बघताच हात हलवायचा. "उभार की कुठंबी."

कुठंबी म्हणजे गटारापाशी. चेंडू आत गेला की काढायचा, कोपऱ्यावरच्या नळाखाली धरायचा, नळाला पाणी नसलं तर मातीत घोळवायचा, मग चड्डीला पुसून बोलरच्या हातात द्यायचा. एकट्यानं चार कामं करत होतो, पण मला कोणी हायब्रिड म्हटलं नाही.

इथं मात्र अशा माणसासाठी प्रशिक्षक जीव टाकतात. त्याचं कारण समोरच्या बाजूला आहे. पूर्वी बचावाची सोयीची उतरंड होती. पुढं धिप्पाड लाइनमन, मध्ये लाइनबॅकर, मागं चपळ कॉर्नरबॅक आणि सेफ्टी. मग हल्ला करणाऱ्यांनी सगळं मैदान आडवं पसरून वापरायला सुरुवात केली. तीन-तीन रिसीव्हर, शिवाय अंगानं दांडगा आणि पळायला वारा असा टाइट एंड, म्हणजे धक्केही देणारा आणि झेलही घेणारा गडी. त्याच्यामागं लाइनबॅकर सोडावा तर त्याला धाप लागते, कॉर्नरबॅक सोडावा तर त्याच्या डोक्यावरून झेल जातो. बरं, माणूस बदलावा म्हटलं, तर समोरचे हडल, म्हणजे घोळक्यातलं खलबत, न करताच पुढचा डाव लावून मोकळे. मैदानात जे अकरा सापडले, त्यांनीच निभवायचं.

2014 मध्ये कार्डिनल्सचा लाइनबॅकर डॅरिल वॉशिंग्टन वर्षभरासाठी निलंबित झाला. बचावाचे प्रशिक्षक टॉड बोल्सनी डिऑन ब्युकॅनन नावाच्या नवख्या सेफ्टीलाच त्या जागी आणला. पोराचं वजन शंभर किलोच्या आत, आणि समोरच्या पुढच्या फळीतून अंगावर येणारे गार्ड एकशेचाळीसचे. पण टिकला. त्याच्या जागेचं नाव पडलं मनीबॅकर. कॉलेजांमध्ये तर नावांची चंगळच आहे. अलाबामात स्टार, वॉशिंग्टनमध्ये हस्की, वेस्ट व्हर्जिनियात स्पर, अशी नावं कानावर यायची. मिशिगनचा जॅब्रिल पेपर्स 2016 मध्ये ज्या जागेवर खेळला तिला म्हणायचे व्हायपर. यातलं एकही नाव नोकरीच्या अर्जात लिहिण्यासारखं नाही.

आणि पैशांची वेळ आली की अर्ज भरावाच लागतो. टेरेल सग्ज इथल्याच, चँडलरच्या शाळेत शिकलेला. 2008 मध्ये बॉल्टिमोर रेव्हन्सनी त्याला फ्रँचाइज टॅग लावला, म्हणजे एका वर्षाच्या ठरावीक पगारावर आपल्याकडेच ठेवून घेतला. टॅगचा पगार जागेप्रमाणे ठरतो. क्लब म्हणे तू लाइनबॅकर, हा म्हणे मी डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे पुढच्या फळीच्या टोकाचा, कारण त्यात काही लाख डॉलर जास्त. शेवटी दोन्ही आकड्यांच्या मधली रक्कम ठरली. थेट भाजीबाजारातला सौदा! हल्ल्याच्या बाजूच्या जिमी ग्रॅहमला मात्र 2014 मध्ये हे जमलं नाही. रिसीव्हर म्हणून सव्वा कोट डॉलरच्या आसपास, टाइट एंड म्हणून सत्तर लाख. लवादानं त्याला टाइट एंडच ठरवलं, आणि निकालात हेही नोंदवलं की ट्विटरवर तू स्वतःच तसं लिहिलंयस. तेव्हापासून आपली ओळख चारचौघांत लिहिताना मी जरा जपून असतो.

मला मॅच बघायची एक वाईट खोड आहे. मी बॉल बघत नाही. स्नॅपच्या, म्हणजे बॉल मागं देऊन डाव सुरू होण्याच्या, आधीचे काही सेकंद मी फक्त त्या एका माणसाला शोधतो. रेव्हन्सचा काइल हॅमिल्टन घ्या. नावाला सेफ्टी. तो रमतगमत पुढं येतो, लाइनमनच्या खांद्याशी उभा राहतो, एक पाय मागं घेतो. समोर क्वार्टरबॅक बोट नाचवत आपल्या गड्यांना ओरडून सांगत असतो, मधला लाइनबॅकर कोण धरायचा ते. बोट हॅमिल्टनपाशी येऊन घुटमळतं. तेवढ्यात हा दोन पावलं मागं सरकतो, की पुन्हा सगळी मोजणी. 2023 मध्ये कोल्ट्सविरुद्ध त्यानं एकाच सामन्यात तीन सॅक केले, म्हणजे बॉल हातात असतानाच क्वार्टरबॅकला तीनदा लोळवलं. सेफ्टीनं! बायको म्हणते, अजून डाव सुरू व्हायचाय आणि तुम्ही कसल्या टाळ्या पिटताय.

हॅमिल्टनला निदान घर मिळालं. सिमन्सला ॲरिझोनात आधी आतला लाइनबॅकर केला, मग थोडा बाहेर, थोडा आतल्या रिसीव्हरसमोर, स्लॉटमध्ये, मग नवे प्रशिक्षक आले आणि त्याला मागच्या फळीत धाडलं. 2023 च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क जायंट्सला देऊन टाकला. बदल्यात काय, तर सातव्या फेरीतली एक निवड. सातवी म्हणजे शेवटची फेरी. आठव्या क्रमांकावर घेतलेला गडी! ज्याला कुठंही ठेवता येतं, त्याला कोणी एका जागी मुरूच देत नाही, असं आपलं मला वाटतं. पण माझं मत गटारापाशी उभं राहून बनलेलं आहे, तेव्हा ते बेतानंच घ्यावं.

त्याच नोव्हेंबरात जायंट्स वॉशिंग्टन कमांडर्सशी खेळत होते. शेवटचे काही क्षण, वॉशिंग्टनला एक टचडाउन, म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपार, हवा होता. सॅम हॉवेलनं बॉल फेकला, सिमन्सनं तो मधेच पकडला आणि चोपन्न यार्ड पळत जाऊन पार करून आला. मी सोफ्यावरून उठून ओरडलो. स्नॅपच्या आधी तो कुठं उभा होता, हे मात्र बघायचं राहिलं.