मॅग्नेटोचा ताप: एम २० दिवे घाटात तिसऱ्यांदा

मागच्या खेपेला छाती ठोकून लिहिलं होतं की कार्ब्युरेटर झाला, आता म्हातारी (माझी बीएसए एम २०, जुनी ब्रिटिश मोटरसायकल) न थांबता सासवड गाठेल. ते शब्द परत घेतो. दिवे घाटात, मस्तानी तलाव खाली दिसायला लागतो त्याच्या जरा वर, सलग तिसऱ्या रविवारी बंद पडली. थंड असताना दुसऱ्या किकला सुरू. वडकीपर्यंत ठोका एकसारखा. चढ लागून दहा मिनिटं झाली की आधी एक फुसका, मग दोन, मग सायलेन्सरमधून एक बार, की गप्प. अर्धा तास सावलीत बसलं की पुन्हा एका किकला चालू. वर तोंडावर असा भाव, की मला काय झालं होतं?

पहिला आळ अर्थात पेट्रोलवर. वीस टक्के इथेनॉल, उन्हाळा आणि ४९६ सीसीचं साइड व्हॉल्व्ह, म्हणजे नळीत पेट्रोलची वाफ होऊन अडत असणार असं मीही धरून चाललो. टाकीच्या झाकणाचं भोक तारेनं साफ केलं, नळी गरम भागापासून लांब वळवली, व्हॉल्व्हच्या टॅपेटची फट पुन्हा लावली (इनलेट १०, एक्झॉस्ट १२ थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग), प्लग बदलला. फरक शून्य. या उद्योगात एक फायदा मात्र झाला. पेट्रोलच्या कॉकचं बूच दोन वर्षं ठिबकत होतं, ते चहाच्या जुन्या पातेल्यात पाच मिनिटं उकळलं. छान फुगलं, आता थेंब नाही. नवीन रबरी कॉक घ्या म्हणणाऱ्यांना नमस्कार.

तिसऱ्या रविवारी मुद्दाम उशिरा निघालो. गाडी बंद पडली तेव्हा अंधारून आलं होतं. मित्राला किकवर उभं केलं आणि पॉइंटचं (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काचं) झाकण काढून डोळा लावला. प्रत्येक किकला पॉइंटमध्ये निळी फुलबाजी! प्लग काढून हेडला टेकवला, तर तिथे अगरबत्तीच्या टोकाएवढी पिवळट ठिणगी. हवी तिथे अंधार, नको तिथे दिवाळी. म्हणजे पॉइंटमधली ठिणगी दाबणारा कंडेन्सर गेला. आणि लुकास मॅगडायनोत (बॅटरीशिवाय ठिणगी देणारा मॅग्नेटो आणि वर डायनमो, अशी जोडगोळी) तो बाहेर कुठे नसतो, आर्मेचरच्या, म्हणजे आत फिरणाऱ्या गाभ्याच्या पोटात असतो.

घरी आल्यावर डायनमो उतरवला, मॅग्नेटो बाहेर काढला. गिअर चावी नसलेल्या टेपरवर बसतो, तो मागून आणलेल्या पुलरनं सुटला. ३/१६ व्हिटवर्थचा (जुन्या ब्रिटिश मापाचा) पाना जुन्या बाजारात बुधवारी मिळालेला, तोंड थोडं फाकलंय, पण नव्या चकचकीत सेटपेक्षा हजारपट बरा. नव्या पान्यांची मापं बघून हल्ली मला शंका येते की व्हिटवर्थ हे फक्त त्यांच्या डब्यावर छापलेलं असतं.

इथवर सगळं ठीक. पुढे मी माती खाल्ली.

एचटी पिकअप (प्लगकडे हाय टेन्शन वीज नेणारा भाग) काढला. अर्थिंगचा ब्रश काढला. सेफ्टी स्क्रू विसरलो. त्याचं टोक आत स्लिप रिंगपाशी (आर्मेचरवरून पिकअपला वीज देणारी कडी) असतं, तो आधी काढावा लागतो. आर्मेचर येईना, म्हणून लाकडी हातोडीनं दोन हलके टोले दिले. तिसऱ्याला ‘टक्’ असा बारीक आवाज आला आणि पोटात गोळा. स्लिप रिंगच्या कडेला नखाएवढा तुकडा उडाला होता आणि तिथून पितळी पट्टीपर्यंत केसासारखी भेग. नाना पेठेतल्या चाचांकडे नेलं. त्यांनी भिंग लावून बघितलं, भिंग खाली ठेवलं आणि एवढंच विचारलं, “बेटा, सेफ्टी स्क्रू?” मी चहा मागवला.

निदान मात्र बरोबर निघालं. कंडेन्सर सोडवून मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावला, थंड असताना चांगला दाखवत होता. मग बायकोचा हेअर ड्रायर पाच मिनिटं. काटा हळूहळू सरकत शून्याला टेकला. तीन रविवार घाटात जे शोधत होतो ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर सापडलं. ड्रायरला शेलॅकचा (वायंडिंगवरच्या लाखेचा) वास लागलाय, तो वेगळा विषय.

तपकीर गल्लीत चार दुकानं फिरून ०.१८ मायक्रोफॅरडचा छोटा फिल्म कॅपॅसिटर मिळाला. तो जुन्याच पोकळीत इपॉक्सीनं बसवायचा आणि वायंडिंगला हात लावायचा नाही, असं ठरवलं होतं. पण हे लिहितानाच डोक्यात आलं, की स्लिप रिंग बदलायची तर सेकंडरीचं (बाहेरच्या बारीक तारेच्या गुंडाळीचं) टोक सोडवावंच लागणार. जुनं शेलॅक तसंही ड्रायरनं चिकट झालंय. मग अर्धवट कशाला? उद्या वायंडिंगवाल्या काकांना फोन करतो, दोन्ही गुंडाळ्या नव्या करू. बजेट गेलं, पण घाटात बसून मोजलेले ट्रक आठवले की काही वाटत नाही.

राहता राहिली स्लिप रिंग. चाचा म्हणतात हायलमच्या तुकड्यातून लेथवर काढून देतो. मला धीर होत नाही. हायलम म्हणजे पापडाच्या चळतीसारखे थर, हजारो व्होल्ट कधी मधून वाट काढतील सांगता येत नाही. इंग्लंडहून नवी मागवली, तर वस्तूपेक्षा पोस्ट आणि कस्टमच जड. आणि बॅटरी-कॉइलवर घ्या असं कृपया कुणी लिहू नका. बॅटरी उचलून घरी ठेवली तरी ही गाडी सुरू होते, त्या एका गोष्टीसाठी मी तिचा एवढा माज सहन करतो.

तोवर मॅग्नेटोच्या पोलांमध्ये लोखंडी तुकडा सरकवून ठेवलाय, नाहीतर चुंबकही उतरायचा. परत बसवताना टायमिंग ७/१६ इंच (पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या तेवढं आधी ठिणगी), लिव्हर पूर्ण अ‍ॅडव्हान्स. पॉइंट नेमके कधी उघडतात ते कळायला मध्ये धरायचा पतंगाचा कागद काढून ठेवलाय.

बीएसएने दुसऱ्या महायुद्धात सव्वा लाखाच्या आसपास एम २० सैन्याला दिल्या. त्यांपैकी एखादीची स्लिप रिंग तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर डब्यात पडली असेलच. असेल तर कळवा, सांगाल ती किंमत. फक्त भेग नसलेली हवी, भेगेची माझ्याकडे आहे.