बुधवारऐवजी शुक्रवारी रात्री लावलेला स्टार्टर

घरी बिअर करताना द्रवरूप यीस्टचा स्टार्टर, म्हणजे यीस्टच्या पेशी आधीच वाढवून घेण्यासाठी लावलेली छोटी आंबवण, मी आजवर बुधवारीच लावत आलो आहे. दोन लिटर वर्ट (मोड आणलेल्या जवाचे, म्हणजे माल्टचे, न आंबलेले गोड पाणी) यीस्ट घालून चुंबकी ढवळणीवर दीड दिवस ठेवायचे, मग एक दिवस फ्रिजमध्ये, आणि शनिवारी, म्हणजे बिअर करण्याच्या दिवशी, वरची निवळ ओतून देऊन तळाचा साका तेवढा वापरायचा. या आठवड्यात कामामुळे बुधवार-गुरुवार दोन्ही हातचे गेले. कॅलिफोर्निया एल यीस्टचे पाकीट अडीच महिन्यांचे जुने होते. १.०४८ ग्रॅव्हिटीच्या (पाण्याच्या तुलनेतली घनता; साखर जास्त तितका आकडा मोठा) २० लिटर पेल एल बिअरला सुमारे १८० अब्ज पेशी लागतात आणि बऱ्याच ताज्या पाकिटांतही जेमतेम १०० अब्ज असतात, त्यामुळे ते तसेच ओतणे मला पटेना.

शुक्रवारी रात्री साडेदहाला एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम कोरडे माल्ट एक्स्ट्रॅक्ट मिसळले. ही पूड गार पाण्यातच कालवावी; उकळत्या पातेल्यावर धरली की ती वाफेने चमच्यालाच चिकटून बसते. दहा मिनिटे उकळून, झाकलेले पातेले बर्फाच्या पाण्यात ठेवून वर्ट २२ अंशांवर आणले. कढत दुधाला विरजण लावू नये, तोच नियम इथेही आहे. निर्जंतुक केलेल्या चार लिटरच्या बरणीत ते ओतून मिनिटभर जोरात हलवले, तेव्हा तळाशी चार बोटे द्रव उरला आणि वर गळ्यापर्यंत साईच्या रंगाचा दाट फेस चढला. त्या फेसातच यीस्ट सोडले. पेशींना आपली आवरणे बांधण्यासाठी ऑक्सिजन लागतो आणि तो या फेसातून भरपूर मिळतो.

शनिवारी दुपारी साडेतीनला, म्हणजे १७ तासांनी, स्टार्टर ऐन भरात असताना तो सगळाच्या सगळा बिअरच्या १८ अंशांच्या मुख्य वर्टमध्ये ओतला. पेशी बुधवारच्या स्टार्टरपेक्षा कमी असणार, हे मला मान्य आहे. पण फ्रिजमध्ये निजलेल्या यीस्टपेक्षा कामाला लागलेले यीस्ट लवकर पकड घेते, असे माझे ठाम मत झाले आहे. रात्री दहालाच एअरलॉकमध्ये (भांड्यातला वायू बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या झडपेत) बुडबुडे सुरू झाले. मागे असेच जुने पाकीट स्टार्टरविना ओतले होते, तेव्हा तीस तास वाट पाहावी लागली होती.

लागरसाठी (थंडीत आंबवायच्या बिअरसाठी) मात्र मी हा मार्ग धरणार नाही, कारण तिथे साधारण दुप्पट पेशी लागतात. आणि शुक्रवारची रात्रही हाती नसेल, तर कोरड्या एल यीस्टचे ११.५ ग्रॅमचे पाकीट घ्यावे. त्याला स्टार्टर लागतच नाही.

दहाव्या दिवशी ग्रॅव्हिटी १.०१० भरली आणि नमुन्याला कसलाही आंबूस वास नव्हता. बाटल्या येत्या रविवारी भरेन.