टोकाची स्टेशनं : पाचपैकी चार झाली

मंडळी, पावसाळ्याआधी ठरवलेल्या यादीचा हिशोब द्यायचा राहिला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी नियम पुन्हा सांगतो. सीएसएमटी किंवा चर्चगेट, जिथे रूळ बफरपाशी संपतात तिथून निघायचं. लोकल जिथवर जाते तिथवर जायचं आणि त्याच दिवशी घरी जेवायला परतायचं. मी राहतो दादरला, तरी आधी उलटं सीएसएमटीला जातो. घरचे याला वेडेपणा म्हणतात. विंडो सीट मिळते, हे मी त्यांना सांगत नाही.

माझ्या यादीत टोकं पाच : पनवेल, खोपोली, कसारा, उरण, डहाणू रोड. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न न्यायचा, लोकल इथेच का थांबते?

पनवेल पटकन उरकतो. सव्वा तास हार्बरने हलत जायचं. उतरल्यावर समोर कोकणात जाणाऱ्या गाडीची गर्दी दिसते आणि आपणच चुकीच्या गाडीतून उतरलो असं वाटतं. टोक म्हणून यादीत आहे, एवढंच.

खोपोलीचं मात्र प्रेम बसलं. कर्जतला गाडी बदलली, वडा खाल्ला (दोन, खरं सांगायचं तर तीन) आणि एकेरी मार्गावरच्या अर्ध्या रिकाम्या लोकलमध्ये बसलो. पळसदरीला पुण्याची लाइन वेगळी होऊन घाट चढायला लागते आणि आपण सपाटीवरून केळवली, डोळवली, लौजी करत शेताशेतातून जातो. नकाशात ही लाइन मुख्य रस्ता सोडून गेलेली फांदी दिसते. प्रत्यक्षात उलटं आहे. खोपोलीपर्यंत गाडी 1856 मध्येच आली होती, बोरघाटातला मार्ग सुरू झाला 1863 मध्ये. मधल्या काळात, 1858 मध्ये, खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. म्हणजे पाचेक वर्षं पुण्याला जाणारा माणूस खोपोलीला उतरायचा, पालखीतून किंवा जमेल तसा घाट चढायचा आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसायचा. आपण ज्याला फाटा म्हणतो तो एकेकाळचा हमरस्ता. घाटातून रूळ गेले आणि खोपोली बाजूला पडली.

गावात नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचं देऊळ आहे, तिथे तासभर बसलो. वर डोंगरावरून टाटांच्या वीजकेंद्राकडे उतरणारे पाण्याचे पाइप दिसतात. केंद्र 1915 चं. मुंबईच्या गिरण्यांना वीज इथून जायची.

कसाऱ्याची पहिली खेप फसली, त्यात दोष माझाच. रविवारी निघालो आणि मेगाब्लॉक बघितलाच नाही. ठाण्यापर्यंत जाऊन परत आलो. इतकी वर्षं मुंबईत काढलेल्या माणसाने हे करावं? तेव्हापासून शनिवार.

दुसऱ्या खेपेला सहा डबे रिकामे, सहा भरलेले, अशा लोकलने अडीच तासांत पोचलो. कसाऱ्यात बघायला काय आहे असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर : फलाटावर थांबा. इथून इगतपुरीपर्यंत थळघाट. चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे जाताना 1 मीटर वर. लोकलचा मुक्काम त्यामुळेच इथे, आणि नाशिककडे जाणारी गाडीही इथे थांबते, कारण तिला मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात. दोन इंजिनांची जोडी हळूहळू मागून येते, शेवटच्या डब्याला टेकते तेव्हा एक जड ठक्क ऐकू येतो, मग माणूस खाली उतरून जोडणी करतो. मागच्या इंजिनाची शिट्टी, पुढच्याचं उत्तर, आणि अख्खी गाडी दोन्ही टोकांनी एकदम हलते. मी हे तीन गाड्यांचं बघितलं. तिसऱ्या वेळी शेजारी करवंदं विकणाऱ्या मावशींनी विचारलं, "कुणाला सोडायला आलात का?" काय सांगणार! दोन द्रोण करवंदं घेतली.

जुनी मंडळी सांगतात ती इथली 'खेकडा' इंजिनं, 1930 च्या सुमारास घाटात वीज आली तेव्हापासूनची, ती मला बघायला मिळाली नाहीत. वय आडवं आलं.

कसाऱ्याचा एक धडा : परतीच्या लोकल तुरळक. उतरल्या उतरल्या परतीची वेळ बघा, मग करवंदं.

आता उरण. हे टोक सगळ्यात नवं, उरणपर्यंत गाडी गेली ती 12 जानेवारी 2024 ला. त्याआधी 2018 पासून खारकोपरपर्यंतच होती. नेरूळला गाडी बदलली. बामणडोंगरी, खारकोपर सोडलं की खाडी, दलदल आणि मध्येच कंटेनरच्या भिंती. डबा स्वच्छ, गर्दी नाही. लोकल इथे का थांबते याचं उत्तर सोपं : पुढे समुद्र.

मी ठरवलं होतं, जाताना रेल्वे, येताना मोऱ्याहून लाँचने भाऊचा धक्का. नियमात बसतं का यावर आमच्यात वाद झाला होता. वादाची गरजच पडली नाही. पीरवाडीच्या किनाऱ्यावर उगाच रेंगाळलो, मासे-भात खाल्ला, आणि साडेपाचला रिक्षाने मोरा बंदरावर पोचलो. लाँच बंद. ओहोटी.

धक्क्यावर जाळं आवरत बसलेल्या एका काकांनी विचारलं, "आज तिथी कुठली?" मला माहीत नव्हतं. "पुनव आहे. उधाणाची ओहोटी, चिखल वर आलाय. लाँच कशी लागंल?" मग त्यांनी हिशोब शिकवला, तो इथे लिहून ठेवतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे मी बरोबर सगळ्यात कमी पाण्याच्या वेळेला जाऊन उभा. रेल्वेचं वेळापत्रक पाठ आणि समुद्राचं वेळापत्रक शून्य! गुपचूप रिक्षा करून स्टेशनवर आलो.

(हा हिशोब ढोबळ आहे, पण नंतर चार दिवस वर्तमानपत्रातल्या भरतीच्या वेळांशी ताडून पाहिला, अर्ध्या-पाऊण तासाच्या आत जमतो.)

राहिलं डहाणू रोड. तिथलं उत्तर आधीच माहीत आहे : विरारपुढे तारांमध्ये वेगळी वीज होती, उपनगरी भागात 1500 व्होल्ट डीसी आणि पुढे 25 हजार व्होल्ट एसी. म्हणून लोकल वर्षानुवर्षं विरारलाच थांबली. उपनगरी भाग एसीवर आल्यावर, 16 एप्रिल 2013 ला ती डहाणूपर्यंत गेली. तारीख मुद्दाम निवडलेली दिसते, पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली त्याला त्या दिवशी 160 वर्षं झाली.

येत्या शनिवारी सकाळची गाडी धरतोय. चिकू मिळाले तर पिशवीभर आणायचे आहेत, किनाऱ्यावर चालायचं आहे. कुणी येणार असेल तर चर्चगेटला पुढच्या डब्यात. शनिवारी अष्टमी आहे. भरती सहाला, ओहोटी बाराला. वाळू भरपूर मिळेल.