एलियाहू हन्नाबीच्या टाप्यापाशी

सकाळच्या लाँचने मांडव्याला उतरून आम्ही अलिबागला पोहोचलो, तेव्हा इस्रायल आळीत ठाण्या-मुंबईकडच्या गाड्यांची रांग लागलेली होती. १८४८ साली उभ्या राहिलेल्या मागेन आबोथ सिनेगॉगच्या, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनामंदिराच्या, पायऱ्यांवर जुनी माणसे एकमेकांची विचारपूस करत होती, आणि ती सारी शुद्ध कोकणी वळणाच्या मराठीत. यहुदी पंचांगातल्या शेवाट महिन्याची पंधरावी तिथी, म्हणजे पौर्णिमा, होती. जगभरच्या यहुद्यांसाठी हा तू बिश्वात, झाडांचे नववर्ष. बेने इस्रायलांसाठी, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांसाठी, तो एलियाहू हन्नाबीचा उरूस. ठाण्याच्या माझ्या मैत्रिणीच्या आईने, म्हणजे आमच्या मावशींनी, आग्रहाने बोलावले नसते तर हे मला कळलेच नसते.

पेण रस्त्याने खंडाळे गावाजवळ गेले की टापा, म्हणजे खुणांचा तो कातळ, लागतो. अग्निरथातून स्वर्गी गेलेला संदेष्टा एलियाहू इथे प्रकटला, अशी समाजाची श्रद्धा आहे, आणि कातळावरच्या लांबट खुणा त्याच्या रथाच्या चाकांच्या व घोड्याच्या टापांच्या मानल्या जातात. मावशींनी वाकून त्या खुणेवर हात ठेवला आणि तोच हात कपाळाला लावला.

मग मलिद्याचे ताट मांडले गेले. भिजवून गूळ-खोबऱ्यात कालवलेले पोहे, त्यांच्याभोवती खजूर, सफरचंद, संत्री, केळी आणि वर सब्जाची हिरवी डहाळी. हिब्रू प्रार्थना सुरू झाली तेव्हा माझ्या लक्षात आले की झाडाच्या फळांसाठी एक आशीर्वचन आहे, भुईच्या फळासाठी दुसरे, आणि सुवासासाठी तिसरे. केळ्याची पाळी भुईच्या फळात आली. केळीला लाकडी खोड नसते, ती दरवर्षी कंदातून नव्याने वर येते, म्हणून ती वृक्षात धरत नाहीत. ज्या धर्मात आभार मानण्यापूर्वी वनस्पतीची जात इतक्या बारकाईने पाहावी लागते, त्याचे निसर्गाशी नाते वरवरचे असूच शकत नाही, असे मला मनापासून वाटते.

पण झाडांचा हा वाढदिवस मुळात हिशेबाचा दिवस आहे. इस्रायलच्या भूमीत हिवाळी पावसाचा बहुतेक भाग या सुमाराला पडून गेलेला असतो, झाडात नवा रस चढू लागतो, आणि म्हणून फळ जुन्या वर्षाचे की नव्या वर्षाचे हे ठरवण्यासाठी पुरातन धर्मशास्त्रज्ञांनी ही तिथी नेमली. वर्ष ठरल्याशिवाय दशमांश, म्हणजे पिकाचा धर्मासाठी काढलेला दहावा हिस्सा, कोणाचा ते ठरत नसे, कारण सात वर्षांच्या चक्रात तिसऱ्या आणि सहाव्या वर्षीचा एक दशमांश गरिबांचा, अनाथांचा, विधवांचा आणि परक्याचा असे. सातव्या वर्षी तर जमीनच पडीक ठेवायची आणि आपोआप उगवेल ते सर्वांना खुले. गरिबाचा वाटा असा थेट फळाच्या वर्षाला बांधलेला होता, बागाईतदाराच्या दयेवर सोडलेला नव्हता.

हे नियम त्या भूमीपुरते. कोकणात आलेल्यांनी जपला तो शब्बाथ, शनिवारचा विसावा. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही त्यांची परंपरागत कथा. पुढे गावोगाव त्यांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी ते बंद ठेवले, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. शब्बाथच्या आज्ञेत विसावा केवळ मालकाला दिलेला नाही. दास, दासी, दारातला परका, बैल आणि गाढव यांची नावे तिथे स्पष्ट घेतलेली आहेत. झापड बांधून सहा दिवस गोल फिरणारा घाण्याचा बैल सातव्या दिवशी मोकळा उभा असे, हे चित्र दिवसभर माझ्या डोळ्यांपुढून हलले नाही.

सणांची जुनी नावे मावशींनी गाडीत सांगितली होती: नव्या धान्याचा खिरीचा सण, वालाच्या बिरड्याने सुटणारा बिरड्याचा रोजा, आणि योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या, दुसऱ्या दिवसाचा शिळा सण, ज्या दिवशी गरिबांना दान द्यायचे आणि आप्तांच्या घरी जायचे.

प्रार्थना आटोपल्यावर मलिद्याचे वाटे झाले. खालच्या शेतात दोन बायका वालाच्या शेंगा तोडत होत्या. मावशींनी दोन पानांवर पोहे, एकेक केळे आणि खजूर ठेवून मला खाली पाठवले. थोरलीने पदराला हात पुसत पान घेतले आणि म्हणाली, "आलाव ना ह्या वर्षी पण? कालच हिला बोलत व्हते."