सालीतली चव

"आयुष्यभर द्राक्षाची साल पातळ राहावी म्हणून धडपडलो, आणि सगळी चव सालीतच होती व्हय?"

रात्री जेवताना अण्णा असं म्हणाले आणि भाकरीचा घास हातातच ठेवून पेल्याकडं बघत बसले. आईनं अख्खा मसूर केला होता, लसूण जरा जास्तच घालून. त्यासोबत 2016 ची कॅबर्ने-शिराज ही लाल वाइन उघडली होती.

शेवटच्या पेल्यात तळाला काळपट गाळ आला. अण्णांना वाटलं, खराब झाली. मी सांगितलं, साली-बियांतला रंग आणि तुरटपणा वर्षानुवर्षं एकमेकांना धरून जड होतो नि खाली बसतो. म्हणून तर जुनी वाइन जिभेला मऊ लागते. त्यांनी तो गाळ बोटावर घेतला, चोळला, वास घेतला. बागेत मणी फोडून बघतात ना, अगदी तसाच.

तासगावात तीस वर्षं तास-ए-गणेश ही खायची द्राक्षं पिकवली त्यांनी. बिनबियांची, गोड, लांब मण्यांची. जीएचं डिपिंग (घड वाढीच्या संजीवकात बुडवणं), विरळणी, सगळं मणी फुगण्यासाठी. वाइनचा मणी बारीक, जाड सालीचा, बियांचा. आपल्या बाजारात त्याला कुणी हात लावणार नाही.

झोपेपर्यंत ते गप्पच होते. मलाही झोप लागली नाही.

पलूसकडं कुणाची वाइनच्या द्राक्षांची बाग आहे का? अण्णांना एकदा दाखवायची आहे.