मॅडम, एवढं सगळं शिकायला वेळ कुठून काढता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तालुक्याला ट्रेनिंग असलं की जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी विचारतंच, मॅडम, वर्गात शिकवायला रोज निघणारी ही नवी डिजिटल टूल्स तुम्ही शिकता कधी, आणि बऱ्याच जणांना तर सरळ यादीच हवी असते. यादी माझ्याकडे नाहीये. मी वर्षाला एखाद-दुसरंच टूल शिकते, पण पार हातात बसेपर्यंत शिकते, आणि ते निवडते पोरं कुठे अडतात ते बघून.

आता आठवीची धाराविद्युत घ्या. दोन बल्ब एकसर जोडणीत, म्हणजे एकाच वायरवर एकामागे एक, लावले की निम्मा वर्ग ठामपणे सांगतो, पहिला बल्ब करंट खाऊन टाकतो आणि उरलेला दुसऱ्याला मिळतो. कितीही समजावा, परीक्षेपुरतं मान्य करतात आणि दिवाळीनंतर परत तेच. सेल, बल्ब, वायरी सगळं असतं हो प्रयोगशाळेत, पण वायरच्या आत काय चाललंय ते थोडंच दिसतं! म्हणून मी फेट (PhET) शिकले, म्हणजे प्रयोग स्क्रीनवर करून बघायची सिम्युलेशन. नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला प्रकल्प आहे हा, फुकट आहे, बरीच सिम्युलेशन मराठीत आहेत आणि घरून डाउनलोड करून नेली की शाळेत नेट नसलं तरी चालतात, माझ्यासाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. त्यात सर्किट जोडलं की वायरमधून निळे ठिपके म्हणजे इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात, बल्बच्या अलीकडे ज्या वेगाने त्याच वेगाने पलीकडे. करंट मोजणारा अॅमीटर दोन्हीकडे लावून दाखवला, आकडा तोच. मग मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, मॅडम तिसरा बल्ब लावा की. लावला, तर तिन्ही मंद झाले आणि ठिपके सगळीकडेच हळू झाले, तसा तोच ओरडला, "म्हंजे कुणी खात नाही, सगळ्यांचंच कमी होतं!" मी जे वर्षानुवर्षं फळ्यावर सांगत होते ते त्याने एका वाक्यात सांगितलं. पण आधी खरे सेल आणि खऱ्या वायरी हातात द्यायच्या, स्क्रीन नंतर, यावर मी ठाम आहे.

दुसरं प्लिकर्स, वर्गात प्रश्न विचारून सगळ्यांची उत्तरं एकदम घ्यायचं अॅप. यात पोरांकडे मोबाईल लागतच नाही, आमच्यासारख्या गावात हे फार मोठं आहे. प्रत्येकाला एक छापील कार्ड, त्यावर काळी चौकोनी नक्षी, चार बाजूंना ए बी सी डी, आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं आणि मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवते, कुणाचं काय उत्तर ते लगेच दिसतं. अक्षरं बारीक असतात आणि प्रत्येकाची नक्षी वेगळी, त्यामुळे शेजारच्याचं बघून उपयोग नाही. ज्या मुली वर्षभर हात वर करत नाहीत त्या कार्ड मात्र वर करतात, आणि त्यांना किती येतं ते मला तेव्हा कळतं. कार्डांना चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड चमकला की फोन ती वाचत नाही.

वेळेचं म्हणाल तर शाळेत नाहीच मिळत, ऑनलाइन माहिती भरण्यातच तास जातात. रात्री जेवणं आवरली की थोडा वेळ बसते, तेही पुढच्या आठवड्यात जो धडा घ्यायचाय तेवढ्यापुरतंच, कारण वापर नसताना शिकलेलं माझ्या डोक्यात टिकत नाही.

सध्या जिओजेब्रावर बसलेय, भूमितीच्या आकृत्या स्क्रीनवर काढून हलवता येतात ते सॉफ्टवेअर. विशालकोन त्रिकोणाचं परिकेंद्र, म्हणजे तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचं केंद्र, त्रिकोणाच्या बाहेर जातं हे पोरं पाठ करतात, फळ्यावर तीन वेगळे त्रिकोण काढले तर त्यांना ती तीन वेगळी गणितंच वाटतात. इथे एकच शिरोबिंदू ओढत न्यायचा, परिकेंद्र आतून सरकत येतं, काटकोन झाला की बरोबर कर्णाच्या मध्यावर बसतं आणि पुढे ओढलं की बाहेर. तुमच्यापैकी कुणी नववीला हे घेतलं असेल तर शिरोबिंदू पोरांच्या हातात कधी दिलात तेवढं मला सांगा.